विसावा कुणाला परवडतो?

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. शारदीय नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर मोहनिद्रा. मूर्ती चल आहे, त्यामुळे ती सिंहासनावरून उचलून खरोखरच पलंगावर निजवतात. महिषासुराशी झुंजून देवी दमली आहे, तिला आता पडू द्या, एवढा सरळ हिशेब त्यामागे आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

त्याच देवीच्या धाराशिव जिल्ह्यात माणसाच्या तोंडून ‘मी दमलोय’ निघायला मात्र फार वेळ लागतो. दवाखान्यात तो डोकं दुखतंय म्हणून येतो, छातीत धडधडतंय म्हणून येतो. बाई सांगते की हातापायातलं बळच गेलंय, जीव घाबराघुबरा होतोय. रक्तदाब बरा निघतो, साखर बरी निघते, ईसीजीची पट्टीही ठीक येते. मग पेशंटच सुचवतो, ‘साहेब, एक ताकदीची बाटली लावा.’ बाटली म्हणजे सलाईन. तासभर तो खाटेवर पडून राहतो, थेंब मोजतो, शेजारी घरचं कुणीतरी बसलेलं असतं, फोन बंद असतो. उठतो तेव्हा खरंच हलकं वाटलेलं असतं. मीठपाण्यात त्या तक्रारीवरचं औषध काहीच नव्हतं. उपाय होता तो आडवं पडण्यात आणि शेजारी कुणी असण्यात. ग्रामीण महाराष्ट्रातला हा सगळ्यात जास्त विकला जाणारा ताणावरचा उपचार असावा आणि त्याची नोंद अशक्तपणा म्हणून होते.

ताण उतरवायचे मार्ग आज कमी नाहीत. प्राणायाम, योगनिद्रा, विपश्यना, रेकी, प्राणिक हीलिंग, आहार-विहाराचे सल्ले, हेल्पलाईन, सरकारी समुपदेशन. मोबाईल उघडला की एकेक करून समोर येतात. यातलं बरंचसं लिहिलं-बोललं जातं ते पगारदार, शहरी माणसाला समोर धरून. धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्यातलं काय चालतं, काय नुसतं दिसायला चांगलं आहे, हे तपासायला हवं. कारण इथला ताण वेगळ्या घडणीचा आहे.

आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर लोकसंख्या, मांजरा, तेरणा आणि सीना या नद्या असूनही मोठा भाग कोरडवाहू. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमबरोबर तेव्हाचा उस्मानाबाद होता. सोयाबीन हे आता इथलं मुख्य नगदी पीक. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकरी चार हजारांच्या आसपास विकत होता. कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीचा कोयता बाहेर पडतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूममध्ये सीनेच्या पुरानं माणसं छतांवर अडकली आणि हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. दहा वर्षांच्या आत दोन्ही टोकं बघितलेल्या माणसाला ‘मन शांत ठेवा’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातल्या १७१ धाराशिव जिल्ह्यातल्या. आत्महत्येचं एकच कारण कधी नसतं. कर्ज असतं, नापिकी असते, दारू असते, आजारपण असतं, घरातला अबोला असतो, आणि ओळखला न गेलेला नैराश्याचा आजारही असतो. सरकारी मदतीच्या फायलीत मात्र प्रत्येक मृत्यूला पात्र किंवा अपात्र असा एकच शिक्का मिळतो. ताणाचा विचार त्या दोन शब्दांत मावत नाही.

या जिल्ह्याला सामूहिक आघाताचा एक जुना अनुभवही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, पावणेचार वाजून गेलेले, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली. किल्लारीचा भूकंप म्हणतात, ती किल्लारी लातूर जिल्ह्यातली, पण सास्तूरसारखी उमरगा-लोहारा भागातली गावंही त्याच धक्क्यात जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. घरं भूकंपरोधक, रस्ते रुंद, आखणी सरळ रेषेत. पण जुन्या गावातली बोळं, ओटे, पार, वाड्याच्या दारातली उठबस या आखणीत बसली नाही. दोन घरांत इतकं अंतर पडलं की भाकरी थापता थापता शेजारणीशी बोलणं संपलं. घर मिळालं तरी जीव रमत नाही, असं त्या गावांतली म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. ताण उतरण्यासाठी माणसाला श्वासाच्या व्यायामाइतकीच बसायची जागा लागते, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पुढच्या काळात पुनर्वसनाचे नकाशे काढणाऱ्यांनी ते कितपत ध्यानात घेतलं, याबद्दल मला फारशी आशा नाही.

शरीरात काय होतं, ते आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, हे वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच मांडलं. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखवलं की कारण कुठलंही असो, दीर्घकाळच्या ताणाला शरीर ठरावीक पद्धतीनं उत्तर देतं आणि शेवटी थकतं. साप दिसल्यावर जी धडधड होते ती साप गेल्यावर थांबते. बँकेची नोटीस कपाटात ठेवली तरी ती घरातच असते, म्हणून तिची धडधड थांबत नाही. झोप तुटते, पचन बिघडतं, चिडचिड वाढते आणि पाठ-मान कायमची आखडते.

उलट दिशेचं बटणही शरीरातच आहे. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या पुस्तकात त्याला विश्रांतीचा प्रतिसाद म्हटलं. त्याआधी १९२० च्या दशकात दोन ठिकाणी याच वाटेवर काम चाललं होतं. अमेरिकेत एडमंड जेकबसन स्नायू क्रमाक्रमानं सैल करण्याची रीत बसवत होते आणि आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत मोजदाद करू लागले होते. कुवलयानंदांचं हे काम मराठी वाचकाला जितकं ठाऊक असायला हवं तितकं नाही, ही माझी तक्रार जुनीच आहे. योगाभोवती चमत्काराचं वलय असताना त्यांनी रक्तदाब आणि श्वासातला वायू मोजायला घेतला.

जेकबसनची रीत मला कष्टकरी माणसासाठी सगळ्यात सोयीची वाटते. तिला सतरंजी लागत नाही की संस्कृत लागत नाही. बाजेवर पडायचं. उजव्या हाताची मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची आणि सोडून द्यायची. आवळल्यावर काय वाटत होतं आणि सोडल्यावर काय वाटतंय, यातला फरक वीसेक सेकंद नुसता बघायचा. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. दिवसभर खुरपं किंवा कोयता धरलेल्या हाताला आपण अजून मूठ सोडलेलीच नाही, हे तिथे पहिल्यांदा कळतं. योगनिद्रेत हेच काम शब्दांच्या वाटेनं होतं. एकेका अवयवाकडे लक्ष फिरवत नेतात. बिहारच्या मुंगेर इथल्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी तिला आजचं रूप दिलं. श्वासाच्या बाबतीत सांगायचं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात. यात गूढ काही नाही, तो मज्जातंतूंच्या जोडणीचा भाग आहे.

नामस्मरणाचं काय? इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी सगळ्यांना एकदा लॅटिनमधली मेरीची जपमाळ म्हणायला लावली, एकदा ‘ओम मणिपद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांची लय सुधारते, असं दिसलं. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एकच. तेरला गोरोबाकाकांच्या समाधीसमोर टाळ धरून उभ्या असलेल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला नवल वाटणार नाही. भजनात ध्रुपद ओढून म्हणताना श्वास लांबतो, हे तो रोज करतोच.

गावातला हरिनाम सप्ताह केवळ भक्तीचा नसतो. सात दिवस ठरल्या वेळी उठणं, पारायणाला बसणं, दुपारी पंगत, रात्री कीर्तन. एरवी घरातून बाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्यात काम मिळतं, कुणी नसेल आलं तर चौकशी होते. भवानीच्या आराधी मेळ्यातल्या बायका संबळावर रात्र जागवतात तेव्हा एरवी उंबऱ्याच्या आत असलेला आवाज मोकळा होतो. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच होतं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, मरण, सगळं बाईनं पहाटे पीठ पाडताना बोलून घेतलेलं. पिठाची गिरणी आली, कमरेचे हाल थांबले, ते उत्तमच झालं. पण पहाटेची ती जागाही गेली आणि तिच्याऐवजी आपण काही दिलं नाही. सप्ताहाचीही दुसरी बाजू आहे. वर्गणीचा तगादा, मानपानाची भांडणं, रात्रभर भोंगा. ज्याची ऐपत नाही त्याला तोच सप्ताह ताणाचं कारण होतो.

विपश्यनेबद्दल थोडक्यात. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासूनचं, शिबिर दहा दिवसांचं, मौनाचं, शुल्काशिवाय. अनेकांना तिथे खरा लाभ झाला आहे. मात्र तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी ते नाही, हे शिबिराच्या अर्जाच्या वेळीच विचारलं जातं. ती चौकशी गांभीर्यानं घ्यायला हवी. आणि दोन म्हशी असलेल्या बाईला दहा दिवस कोण देणार, हाही प्रश्न आहेच.

आता ऊर्जा-उपचार. रेकी जपानच्या मिकाओ उसुईंनी १९२२ च्या सुमारास सुरू केली, हवाईच्या हावायो ताकाता यांनी ती पश्चिमेत नेली आणि तिथून फिरून ती आपल्याकडे आली. प्राणिक हीलिंग हे फिलिपीन्समधल्या चोआ कोक सुई यांचं, १९८० च्या दशकातलं. आपल्याकडे दोन्ही पोचले ते पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गात. आता सोलापूर-लातूरही मागे नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून दूरस्थ उपचार देणाऱ्यांना तर गावाची हद्दच उरलेली नाही. वैश्विक ऊर्जा उपचारकाच्या तळव्यांतून वाहते, रोग्याच्या भोवतालचं वलय शुद्ध होतं, असा दावा.

हा दावा तपासला गेला आहे आणि सगळ्यात सुंदर तपासणी एका शाळकरी मुलीनं केली. अमेरिकेतली एमिली रोझा. चौथीच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिनं पुठ्ठ्याचा आडपडदा केला. पडद्याच्या भोकांतून उपचारकांनी दोन्ही हात पुढे करायचे आणि पलीकडे एमिलीनं आपला हात त्यांच्या कुठल्या तळव्यावर धरलाय ते ऊर्जेच्या जाणिवेवरून सांगायचं. हे उपचारक ‘थेरप्यूटिक टच’ या हात न लावता करायच्या पद्धतीचे होते. २१ जणांनी २८० वेळा प्रयत्न केला, १२३ वेळा बरोबर आले, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते. हे १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. चिंता आणि नैराश्यासाठी रेकीवर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये आढावा घेतला. ती उपयोगी आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष.

म्हणजे रेकीला जाऊन ज्यांना बरं वाटलं ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. सत्र कसं असतं ते बघा. शांत खोली, मंद दिवा, पाऊण तास पाठीवर पडणं. समोरचा माणूस घाई करत नाही, ‘काय होतंय’ म्हणून आधी सगळं ऐकून घेतो, हात हलक्यानं ठेवतो. हार्वर्डच्या टेड कापचुक यांनी पोटाच्या जुनाट दुखण्याच्या २६२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नुसतं यादीत थांबवलं, काहींना खोट्या सुयांचं अ‍ॅक्युपंक्चर दिलं आणि बोलणं मोजकं ठेवलं, काहींना त्याच खोट्या सुया दिल्या पण उपचारक आपुलकीनं बोलला, ऐकलं, वेळ दिला. पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. सुया दोन्हीकडे खोट्याच होत्या. मधला १८ टक्क्यांचा फरक ऐकून घेण्याचा आहे.

माझं मत इथेच ठरतं. हाताखालून ऊर्जा वाहत नाही, पण तो पाऊण तास खरा आहे. पगारदार माणसानं ताण हलका करायला त्यासाठी पैसे मोजले तर त्याची मर्जी. अडचण तेव्हा होते जेव्हा कुणी मधुमेहाची गोळी बंद करायला सांगतो, नैराश्याचं औषध म्हणजे विष म्हणतो, पुढच्या पातळीच्या दीक्षेसाठी हजारोंची फी लावतो. गावातला देवऋषी याच घरातला. अंगारा, उतारा, गंडा-दोरा देताना तोही तासभर ऐकतो, घरातल्या सगळ्यांना समोर बसवतो, दोष कुणा जिवंत माणसाऐवजी बाहेरच्या बाधेवर टाकतो. तेवढ्यानं घरातली भांडणं निवतातही. पण पुढे तो बाधेचा ठपका शेजारणीवर ठेवतो आणि एका घराचा ताण दुसऱ्या घरावर कोसळतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यानं गुन्हा ठरवलं. देवऋषीच्या दारातली गर्दी मात्र कायद्यानं कमी होणार नाही. ती कमी व्हायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी दारात ऐकणारं माणूस बसवावं लागेल.

निरोगी राहणीचे सल्लेही जरा झाडून घ्यायला हवेत. ‘रोज अर्धा तास चाला’ हे बँकेतल्या कारकुनाला, शिक्षकाला, एसटीच्या चालकाला, अभ्यासिकेत बारा बारा तास स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या पोराला सांगायचं. जनावरांमागे फिरणाऱ्याला नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, हुलग्याचं माडगं यांचं कौतुक आता शहरात फार चाललं आहे. इथे ते घरातच होतं, मात्र सोयाबीन वाढलं तशी ज्वारी आणि कडधान्यं रानातून मागे सरली. दोन गोष्टी मात्र सगळ्यांना लागू आहेत. तंबाखू, गुटखा, मिसरी यांनी डोकं शांत होतं असं वाटतं, पण ती शांतता बहुतेक वेळा आधीच्या चिमटीची तलफ भागल्याची असते. आणि दारूनं झोप लवकर लागते पण मध्यरात्रीनंतर तुटते, दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

झोपेवरच खरं तर जास्त लिहायला हवं. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं असतं तेव्हा शेतीपंपाची थ्री फेज लाईट चक्राकार पद्धतीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. डिसेंबरातली रात्र, साडेदहा-अकरा. बॅटरी दातात धरून माणूस दंड मोडतो, दुसऱ्या सरीला पाणी लावतो, पायात गमबूट असले तर असले. मोटार बंद पडली की पुन्हा विहिरीकडे. सापाचं भय, थंडी आणि पहाटे घरी आल्यावर धारा काढायची वेळ. असा आठवडा एकाआड एक काढणाऱ्या माणसाला झोपेच्या आरोग्याची पत्रकं वाटणं हा विनोद आहे. झोपेची मोडतोड आणि नैराश्य यांचं नातं दोन्ही बाजूंनी घट्ट आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उद्देश शेतीला दिवसा वीज देणं. ती ऊर्जा खात्याची योजना मानली जाते. माझ्या लेखी ती जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात धरली पाहिजे. ज्या फीडरला दिवसाची लाईट आली तिथला शेतकरी योगनिद्रेशिवायही झोपेल.

बायकांच्या बाबतीत इथला एक प्रयोग जगात गाजला, घरच्या चर्चेत मात्र कमी येतो. भूकंपानंतरच्या कामातून उभी राहिलेली, प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था. तिनं धाराशिव-लातूर भागात एक एकराचं प्रारूप रुजवलं. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या जमिनीतला एकर-अर्धा एकर बाई मागून घेते आणि त्यात नगदी पीक न लावता भाजी, डाळी, ज्वारी-बाजरी असं मिश्र खाणं पिकवते. पाणी कमी, विकतचं खत-औषध कमी. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हा काही ताणमुक्तीचा कार्यक्रम नव्हता. पण सोयाबीन बुडालं तरी चूल बुडत नाही, याची खात्री असणं हा ताणावरचा उपाय नाही तर काय?

ऐकणारं माणूस कुठून आणायचं, याची उत्तरं आपल्याच आसपास मिळालेली आहेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. सहा ते आठ भेटी. त्यात ऊर्जा नाही की उपदेश नाही. सोडून दिलेली छोटी कामं पुन्हा सुरू करायला लावणं, अडचणीचे तुकडे पाडणं, माणसांत जायला लावणं. तीव्र नैराश्यातले ६४ टक्के रुग्ण तीन महिन्यांत सावरले, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ वर गेलं.

धाराशिवकडे याची सामग्री नाही असं नाही. डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाऊंडेशननं अणदूरला ‘भारतवैद्य’ म्हणून गावातल्या बायकाच आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या, आशा योजना यायच्या कितीतरी आधी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर तुळजापुरात १९८६ पासून आहे. २०१५ मध्ये यवतमाळबरोबर याच जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान सुरू झालं. त्याच सुमारास मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात आणि ज्याला गरज दिसेल त्याला पुढे पाठवतात, १०४ वर समुपदेशन मिळतं. विनायक हेगाणा यांच्या शिवार संस्थेनं या जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी वेगळी हेल्पलाईन चालवली. तिथे फोन येतो तो बहुतेक वेळा ‘मला उदास वाटतंय’ असं म्हणत नाही. तो पीकविमा, फेरफार, वीजबिल, सावकार यांचं बोलतो. हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. तहसीलचं काम मार्गी लावून देणारा समुपदेशक इथे जास्त उपयोगी पडतो.

एक उपाय मात्र सगळ्या चर्चेत मागे राहतो, कारण तो फार साधा आहे. टोकाचा विचार अनेकदा काही तासांचा असतो आणि त्या तासांत घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर १९९० च्या दशकात बंदी आणल्यावर पुढच्या दशकभरात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि शेतीचं उत्पादन काही घसरलं नाही. फवारणीचं औषध घरात न ठेवता कुलुपात, शक्यतो गावच्या सामायिक कोठीत ठेवणं, हे ग्रामसभेच्या एका ठरावाचं काम आहे.

आजार किती पुढे गेलाय हे ओळखणंही लागतं. दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेलेली, कशातच मन लागत नाही, मरणाचे विचार येतात, तर प्राणायाम पुरणार नाही, डॉक्टर आणि औषध लागतं. मानसोपचाराची औषधं सगळी गुंगीची नसतात आणि सगळ्यांची सवय लागत नाही. १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, विनामूल्य, मराठीतही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. तरीही पोलिसांच्या भीतीनं घरचे दवाखान्यात विषबाधा ‘चुकून’ झाल्याचं सांगतात आणि वाचलेला माणूस समुपदेशनाशिवाय घरी जातो. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ पासून सुरू झालं आणि आयुर्वेद महाविद्यालय तर जुनंच आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात बसवता येईल.

आणि आशाताई. प्रेरणाची प्रश्नावली तिच्याच हातात असते, गरोदर बायांची यादी, क्षयरोगाचं सर्वेक्षण, कुष्ठरोगाची पाहणी, लसीकरणाचे निरोप या सगळ्याबरोबर. तिचा बराचसा मोबदला कामागणिक ठरतो. ज्या घरी माणूस मानेनंच नाही म्हणतो पण नजर वर उचलत नाही, तिथे ओट्यावर तासभर बसून राहायचं हे तिला कळतं. ती त्या गावचीच असते, कुणाच्या घरी काय शिजतंय ते तिला ठाऊक असतं. त्या तासाचा दर जिल्हा परिषदेनं एकदा ठरवावा. सलाईनच्या बाटलीपेक्षा तो स्वस्त पडेल आणि रेकीच्या सत्रापेक्षा तर नक्कीच.